हातावरचे दही

गेल्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, ऑस्ट्रेलियातल्या एका विमानतळावर माझा रुमाल जप्त झाला. रुमाल पांढरा, सुती, निळ्या काठाचा होता. त्यात दही होते. ते मी जाहीर केलेले नव्हते. त्या देशात दुधाचा पदार्थ न सांगता आत आणला तर दंड होतो आणि पाहुण्याचा व्हिसा जागच्या जागी रद्द होऊ शकतो. ही माहिती मला तिथे नव्याने मिळाली नाही. ती मी स्वतः अनेकदा छापलेली होती.

मी एका मराठी दैनिकाच्या ठाणे-कल्याण पुरवणीत उपसंपादक होतो. पुरवणीत पाणीकपात, खड्डे, उड्डाणपुलाचे रखडलेले काम आणि शाळांचे निकाल असत. संपादक एकदा म्हणाले, "तुझं पान वाचून माणूस गाव सोडून जाईल. जाणाऱ्यांसाठी तरी काहीतरी छाप." त्यातून परदेशी निघालेल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांचे सदर सुरू झाले. डोंबिवलीत तेव्हाही घरटी एक मूल परदेशात असल्यासारखी स्थिती होती. मुलांकडे आईवडील जात, बहुधा बाळंतपणाला. व्हिसा, विमा, स्वेटर यांवर प्रश्न येतील असा माझा अंदाज होता. प्रश्न आले ते तुपावर.

सदराचे काम बाहेरून वाटते तितके सोपे नव्हते. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आणि तो न सांगता बदलतो. एका देशात चालणारे तूप शेजारच्या देशात कचऱ्याच्या डब्यात जाते. मी त्या त्या देशाच्या संकेतस्थळावरचा मजकूर वाचायचो, वकिलातीला फोन लावायचो, तिथून कोणी उचलला नाही की पुन्हा लावायचो. कळले तेवढे लिहायचो. कळले नाही तर 'विचारून घ्यावे' असे लिहायचो. कोणाला विचारावे, ते मात्र लिहायला जागा उरत नसे.

दुधावर एवढा राग का, हे वाचकांना समजावताना मी गोठ्याचे उदाहरण देत असे. खडवलीच्या बाजूला जनावरांत लाळ-खुरकत आली की ज्याच्या गोठ्यात ती नाही, तो माणूस बाहेरच्याला आत पाऊल टाकू देत नाही. तो रोग दुधातूनही जाऊ शकतो. काही देशांत तो नाही. असे देश आपली सगळी भूमी एकच गोठा समजतात आणि विमानतळ हे त्याचे फाटक. तुमच्या पेढ्यावर त्यांचा आक्षेप नसतो, तो ज्या म्हशीपासून निघाला तिच्यावर असतो.

डोंबिवली पूर्वेच्या एका निवृत्त शिक्षिकेला हे पटले नाही. त्या कार्यालयात आल्या. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी सुरुवात केली.

"दुधाचं दही झालं. दह्याचं ताक घुसळलं, लोणी आलं. लोणी कढवलं, तूप झालं. आता मला सांगा, यात दूध कुठे राहिलं?"

"मूळ दुधातच आहे ना, बाई."

"म्हणजे तुम्ही तुपाचं कुळ काढणार?"

मी काढणार नव्हतो, तिकडचा अधिकारी काढणार होता. तसे मी त्यांना सांगितले. "मग तुमचा उपयोग काय?" असे विचारून त्या गेल्या. हा प्रश्न मला पुढेही अनेकांनी विचारला.

टेंभी नाक्याजवळ राहणारे एक गृहस्थ नवरात्रातल्या देवीचा प्रसाद म्हणून पेढे घेऊन मुलाकडे गेले. परत आल्यावर त्यांनी मला फोन केला. आवाजात तक्रार होती.

"तो विचारतो, यात दूध आहे का. मी म्हटलं, हा प्रसाद आहे. तो पुन्हा विचारतो, दूध आहे का. मी म्हटलं, अरे बाबा, देवीचा आहे."

"मग?"

"मग काय, देवीचा पत्ता विचारला त्याने. उत्पादक म्हणून."

पेढे गेले. दंड झाला नाही, कारण त्यांनी पेढ्यांचा डबा स्वतःहून टेबलावर ठेवला होता. या प्रकरणावरून मी एक वाक्य तयार केले आणि ते सदराच्या शेवटी चौकटीत दर आठवड्याला टाकू लागलो: जाहीर केले तर फार तर पदार्थ जातो, लपवले तर माणूस अडकतो. वाक्य मला आवडत असे. घरी जेवतानाही मी ते म्हणून दाखवत असे. माझा सल्ला पाळून कोणाला दंड झाल्याचे मला कळलेले नाही. ज्यांना झाला असेल, त्यांनी कळवण्याचे कष्ट घेतले नसतील हेही शक्य आहे.

एका उत्तराबद्दल मात्र मला बरे वाटत नाही. विठ्ठलवाडीच्या एक बाई मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. मुलीला खरवसाचे डोहाळे लागले होते. चीक वाळवून त्याची पूड नेता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. त्या आठवड्यात पानावर जाहिरात वाढली आणि माझी जागा कमी झाली. मी उत्तर एका शब्दात छापले: नाही. त्यांचा फोन आला. चिडलेला नव्हता. "नाही हे कळलं हो. मग काय नेऊ, तेवढं सांगता का?" मी म्हणालो, तो सदराचा विषय नाही. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निवृत्तीनंतर आमची स्वतःची वेळ आली. आमची एकुलती एक मुलगी मुग्धा ऑस्ट्रेलियात असते. तिचे दिवस भरत आले होते. मूल पायाळू होते, त्यामुळे शस्त्रक्रियेचा दिवस डॉक्टरांनी आधीच ठरवून दिला होता, मंगळवार. मुग्धा तशी धीट आहे. भुलीची मात्र तिला लहानपणापासून भीती वाटते. टॉन्सिलच्या वेळी तिने आईची ओढणी सोडली नव्हती, शेवटी ती ओढणी टेबलापर्यंत गेली. फोनवर ती एवढेच म्हणाली, "आई, मला आत नेण्याआधी तू ये. नंतर आलीस तर काय उपयोग?" आम्ही रविवारी रात्रीच्या विमानाची तिकिटे काढली. सोमवारी संध्याकाळी पोचून हातात एक रात्र राहणार होती.

सुनंदाने, म्हणजे माझ्या पत्नीने, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले. साजूक तुपात. मी बॅगा तपासायला घेतल्या. हे काम मी कोणावर सोपवले नाही.

"हे जाणार नाहीत," मी डबा बाहेर काढला.

"अहो, बाळंतिणीचे आहेत."

"त्यांना बाळंतीण चालते. तूप चालणार की नाही याची खात्री नाही."

"विचारा की मग."

"विचारलं. फोन उचलत नाहीत. आणि शंका असेल तर न्यायचं नाही, हा माझा नियम आहे. व्हिसा गेला तर मुग्धाला काय सांगशील?"

तिने डबा उचलून स्वयंपाकघरात नेला. संध्याकाळी मी पुन्हा बॅगा तपासल्या. लाडू कुकरमध्ये निघाले. कुकर साडीत गुंडाळलेला होता. मी ते समोरच्या दातेवहिनींना देऊन टाकले. "किती कष्टाने केलेत बिचारीने," असे म्हणून वहिनींनी डबा ठेवून घेतला. सुनंदा त्या संध्याकाळपासून माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. बॅगांत मेतकूट, गोडा मसाला, बाळासाठी शिवलेली गोधडी आणि कपडे उरले. मी समाधानी होतो.

आमच्या इमारतीत कोणी लांबच्या प्रवासाला निघाले की शेजारणी हातावर दही घालतात. ते चाटायचे, नमस्कार करायचा आणि मागे न बघता निघायचे. आमच्या मजल्यावर तीन दारे आहेत. खालच्या मजल्यांवरही ओळखी आहेत. लिफ्ट बंद होती, त्यामुळे एकही दार चुकले नाही. मला दही चालत नाही, लगेच कफ होतो. नको म्हटले की वाद होतो. म्हणून मी तळहात पुढे करत होतो, दही घेत होतो, वळत होतो आणि खिशातल्या रुमालाला हात पुसत होतो. चाटल्यासारखा आवाजही करत होतो. सुनंदाने सगळीकडचे दही खाल्ले.

विमानतळावर पोचल्यावर विमान रद्द झाल्याचे कळले. यंत्रात काही बिघाड होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानात जागा मिळाली. ते मंगळवारी पहाटे उतरणार होते, मुग्धाला आत नेण्याच्या काही तास आधी. आम्ही घरी परतलो. पँट मी दारामागच्या खुंटीला लावली.

सोमवारी त्याच पँटमध्ये पुन्हा निघालो. दातेवहिनी दारातच उभ्या होत्या. हातात चमचा नव्हता, पळी होती.

"काल कमी पडलं बहुतेक," त्या म्हणाल्या. "भावजी, हात नीट पसरा. ओंजळ करा, ओंजळ."

मी ओंजळ केली. ती पुसायला रुमालाच्या चारही घड्या उलगडाव्या लागल्या.

विमानात प्रवाशाचे कार्ड भरायला दिले. दोघांचेही मी भरले. मसाल्यांसमोर 'हो' अशी खूण केली आणि प्रत्येक डब्याचे नाव लिहिले. दुधाच्या पदार्थांच्या प्रश्नाशी सुनंदाने विचारले, "नाही ना काही?"

"माझ्या सामानात?" मी म्हणालो आणि 'नाही' अशी खूण केली. पेन दाबून केली.

सामान घेऊन आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा तपासणीचा कुत्रा आला. लहान चणीचा, लोंबत्या कानांचा. हे कुत्रे भुंकत नाहीत, पदार्थ सापडला की शेजारी शांतपणे बसतात, असे मी सदरात लिहिलेले होते. तो माझ्याजवळ बसला. माझ्यामागे एक विद्यार्थी उभा होता, त्याच्याकडे भलेमोठे खोके होते. कुत्र्याला त्याच्याकडे जायला अडचण होत असावी असे समजून मी बाजूला सरकलो. कुत्राही सरकला आणि पुन्हा माझ्याजवळ बसला. मी त्या विद्यार्थ्याकडे थोडे नाराजीने पाहिले. कुत्र्याच्या दोरीचे टोक धरलेल्या बाईने मला रांगेतून बाहेर यायला सांगितले.

आमच्या बॅगा टेबलावर रिकाम्या करण्यात आल्या. मेतकूट उघडले, हुंगले, बंद केले. मसाल्याचेही तसेच झाले. गोधडी झटकली. तपासणारी अधिकारी तरुण होती आणि सभ्य होती. काही सापडेना. मी तिला सांगितले की आमच्याकडे दुधाचे काही नाही, मी याच विषयावर वर्तमानपत्रात लिहीत असे. ती म्हणाली, "छान." मग तिने खिसे रिकामे करायला सांगितले.

रुमाल पापडासारखा कडक झाला होता. टेबलावर ठेवला तेव्हा त्याचा आवाज झाला. वास सांगायला नको.

"हे काय आहे?"

"दही."

"रुमालात?"

मी प्रथा समजावली. प्रवास नीट व्हावा म्हणून हातावर दही देतात. तिने ऐकून घेतले.

"आणि ते हातावर घेऊन काय करतात?"

"खातात."

"मग तुम्ही खाल्लं का नाही?"

याचे उत्तर मी इंग्रजीत जुळवत होतो तेवढ्यात शेजारून मराठीत प्रश्न आला.

"अहो, तुम्ही पुसलंत?"

"अगं, कफ…"

"दोन्ही दिवस?"

मी खिशाचे बाहेर आलेले अस्तर आत सारले.

"म्हणूनच परवा विमान रद्द झालं," सुनंदा म्हणाली. "आणि माझे लाडू काढलेत. दोनदा काढलेत."

अधिकाऱ्याने विचारले, पत्नी काय म्हणत आहेत? मी सांगितले, त्या काळजीत आहेत. ते खोटे नव्हते. भिंतीवर घड्याळ होते आणि सुनंदा त्याच्याकडे बघत होती. तरुण अधिकारी माझे कार्ड आणि पासपोर्ट घेऊन वरिष्ठांकडे गेली. निर्णय त्यांचा होता. किती वेळ लागेल, ते तिला सांगता आले नाही. व्हिसा रद्द झाला तर पुढे काय, ते मला माहीत होते. परतीच्या विमानापर्यंत एका खोलीत बसवतात. तेही मी छापलेले होते.

सुनंदाच्या कार्डाबद्दल तक्रार नव्हती. तिच्या बॅगेवर शिक्का बसला आणि तिला जायला मोकळीक मिळाली. जावई निखिल रुग्णालयात होता, त्यामुळे आम्हाला न्यायला कोणी येणार नव्हते. टॅक्सीने जायचे ठरले होते आणि ती जबाबदारी माझी होती. सुनंदा आजवर ठाण्यापलीकडे एकटी गेली ती बहिणीकडे, तेही बहीण स्टेशनवर घ्यायला येणार असेल तर.

"थांब थोडं," मी म्हणालो. "बरोबर जाऊ."

"तिला आत नेतील."

"अगं, पण टॅक्सी, पत्ता, इंग्रजी…"

"पत्ता फोनमध्ये आहे. टॅक्सीवाल्याला दाखवते." तिने गोधडी घडी करून बॅगेत भरली. "पैसे द्या."

मी पाकीट दिले.

"तुम्ही बसा इथे," ती म्हणाली. "तुमच्या सोबतीला कुत्रा आहे."

ती गेली. मागे वळून पाहिले नाही. दरवाजा आपोआप उघडला आणि मिटला. कुत्रा तोवर दुसऱ्या रांगेकडे गेला होता.

मी बाकावर बसलो. समोर एका काचेच्या पेटीत जप्त झालेले पदार्थ नमुन्यादाखल मांडले होते: मांस, बिया, फळे, मिठाई. मिठाईत बर्फी होती. रुमाल नव्हता. थोड्या वेळाने वरिष्ठ अधिकारी आले. वयाने माझ्याएवढे असावेत. त्यांनी माझा व्यवसाय विचारला. मी निवृत्त पत्रकार असल्याचे सांगितले. तरुण अधिकारी बाजूने म्हणाली की हे आपल्या नियमांवर लिहीत असत.

"लोकांना काय सांगायचात?" वरिष्ठांनी विचारले.

मी माझे चौकटीतले वाक्य इंग्रजीत सांगितले. मराठीत ते चांगले वाटते. इंग्रजीत, त्या टेबलापाशी, ते कबुलीजबाबासारखे वाटले.

त्यांनी विचारले, खिशात रुमाल आहे हे माहीत होते का? होते. त्यात दही आहे हे? होते. मग जाहीर का केले नाही? मी म्हणालो, मला ते दही वाटले नाही, मला तो रुमाल वाटला. हे मी इथे जसे बोललो तसे दिले आहे. निवृत्त शिक्षिकेच्या तुपापेक्षा हा युक्तिवाद कच्चा होता.

ते आत गेले. बराच वेळ कोणी आले नाही. माझा फोन तिथे वापरायला मनाई होती आणि पाकीट सुनंदाकडे होते. रुग्णालयाचे नाव मला पाठ होते, पण तिथे कसे पोचायचे याचा विचार मी टॅक्सीवर सोपवला होता आणि टॅक्सी गेलेली होती. सुनंदा पोचली असेल का, एवढेच डोक्यात होते. वाचकांना पाठवताना मी नेहमी पदार्थांचे काय होईल ते सांगत असे. बाकावर बसलेल्या माणसाने काय करावे, याबद्दल माझ्याकडे एकही ओळ नव्हती.

शेवटी तरुण अधिकारी एक कागद घेऊन आली. लेखी ताकीद होती, दंड नव्हता. व्हिसा कायम होता. वस्तूच्या वर्णनात 'सुती कापड, दुग्धजन्य पदार्थ लागलेले' असे लिहिले होते. उपसंपादकाच्या सवयीने मी मजकूर दोनदा वाचला. काढण्यासारखा एकही शब्द नव्हता. रुमाल पिवळ्या पिशवीत घालून जाळण्यासाठी पाठवण्यात आला. मी सही केली.

"पत्नी पोचल्या असतील," ती म्हणाली आणि रुग्णालयाकडे जाणारी बस कुठून सुटते ते सांगितले. बसला पैसे लागतात आणि पाकीट माझ्याजवळ नाही, हे मी तिला सांगितले. तिने मागच्या रांगेतून सुटून आलेल्या त्या विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याच्या खोक्यात पुस्तके निघाली होती. तो त्याच बाजूला जाणार होता. तो सोलापूरचा होता.

"काका, कुत्रा माझ्यासाठी आला असं वाटलं ना तुम्हाला?" बसमध्ये त्याने विचारले.

"हो."

"मलाही तेच वाटलेलं," तो म्हणाला आणि उतरेपर्यंत अधूनमधून हसत राहिला.

रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर निखिल भेटला. टॅक्सीवाल्याला सुनंदाने फोनमधला पत्ता दाखवला होता आणि वाटभर 'फास्ट, फास्ट' एवढेच म्हटले होते, असे त्याने सांगितले. ती आली तेव्हा मुग्धाचा पलंग खोलीतून बाहेर काढला होता. लिफ्टपर्यंत ती पलंगाबरोबर चालत गेली. लिफ्टपाशी परिचारिकेने हात सोडायला सांगितले, तेव्हा मुग्धानेच सोडला.

मुलगी झाली. मी खोलीत गेलो तेव्हा मुग्धा आणि बाळ झोपले होते. सुनंदा जागी होती.